महाडचं तळं आणि महाडचा पूल



वर्षातनं दोनदा आपण महाडला जातो. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाच्या दिवशी. मुंबई-पनवेलकडनं येणारे पेण, माणगाववरून येतात. चिपळूण, खेड, पोलादपूरकडनं येणारे सावित्री नदीवरचा पूल ओलांडून येतात. गाडीत घोषणा चालू असतात, गाणी चालू असतात. खाली नदी येते आणि मागं जाते. पुलाकडं कोण बघतो? आपलं ध्यान तळ्यावर असतं आणि ते बरोबरच आहे. पण त्या पुलाला पण एक इतिहास आहे, आणि तो तळ्याच्या इतिहासाला लागून आहे. दोघांची जन्मसालं बघा. तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. सावित्रीवरचा जुना दगडी पूल १९२८ चा. एकच गाव, एकच सरकार, दोन वर्षं. गावाच्या मधोमध माणसं पाण्यासाठी रक्तबंबाळ होत होती, आणि गावाच्या बाहेर नदीवर दगडाच्या कमानी उभ्या राहत होत्या.

पुलाचा इतिहास छापला जातो तेव्हा एकाच शब्दात आटपतो: ‘ब्रिटिशकालीन’. जणू इंग्रज साहेबानं स्वतः पहार मारली आणि पाटी उचलली. हा शब्द ऐकला की आपण सावध व्हायला पाहिजे. म्हणून हा लेख.

आधी गाव समजून घेऊ. महाड सावित्री आणि गांधारी ह्या दोन नद्यांच्या काठावर आहे. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरनं खाली येते, महाड, दासगाव करत बाणकोटच्या खाडीनं हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. जुन्या काळी महाड हे बंदर होतं. वरंध्याच्या आणि पारच्या घाटानं देशावरचा माल इथं उतरायचा, गलबतात भरला जायचा. गावाजवळच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. म्हणजे ही वाट आजची नाही. भिक्खू ह्या वाटेनं गेले, व्यापारी गेले, शिवाजी महाराजांचा रायगड इथनं जवळच. वाट सगळ्यांनी वापरली, पण वाटेवर सगळ्यांना सारखं चालता आलं असं मात्र नाही.

ह्याच मुलखानं आपल्याला माणसं दिली. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढूळचे. पलटणीतनं निवृत्त होऊन आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तर सवर्ण सभासदांच्या अंगाचा तिळपापड झाला. दासगावात पलटणीतल्या पेन्शनर महारांची वस्ती होती. त्याच वस्तीतनं रामचंद्र बाबाजी मोरे निघाले, ज्यांनी महाडची परिषद भरवायला जिवाचं रान केलं. ही माणसं काही आकाशातनं पडली नव्हती. बंदर, पलटण, पेन्शन, शाळा ह्या सगळ्यातनं ती घडली. रस्ता आणि जलमार्ग जिथं असतो तिथं बातमी पोचते, आणि बातमी पोचली की माणूस विचार करायला लागतो.

आता १९२७ कडं येऊ. पण एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातनं बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या संस्था चालवतात ते पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्या कामात सुरेंद्रनाथ टिपणीस पुढं होते. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात एक ओंजळ पाणी कुणाला घेता येईना. मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरत होते, जनावरं पीत होती. आपला माणूस गेला की तळं बाटत होतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेला पाणी कुठनं आणलं माहीत आहे? चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. नदीच्या काठचं गाव, गावात तळी, आणि माणसांनी पाणी विकत प्यायचं! २० तारखेला बाबासाहेब पुढं आणि हजारो माणसं रांगांनी मागं, अशी तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतलं, सगळ्यांनी घेतलं. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली आणि जेवायला बसलेल्या, घरी निघालेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढं एकशे आठ घागरी पंचगव्यानं तळं ‘शुद्ध’ केलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तारीख बघा. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच दिवशी.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. आता इथं रस्त्याचा प्रश्न येतो, आणि हा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही. मुंबईहून महाडला जायचं तर तेव्हा रेल्वे नव्हती. महाडजवळच्या वीरला कोकण रेल्वे आली ती १९९३ साली. तेव्हाची नेहमीची वाट म्हणजे बोटीनं धरमतर, तिथनं मोटारीनं महाड. पण मोटारी खाजगी मालकांच्या. मालकांनी बहिष्कार घातला, गाडीत घेतलं नाही तर धरमतरला उतरून करायचं काय? शेकडो माणसं, पुढं मैलोगणती रस्ता. म्हणून दुसरी वाट धरली. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि दोनशेच्या आसपास प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीनं मुंबईहून निघाले, हरिहरेश्वरावरनं २५ तारखेला दुपारी दासगावला उतरले. दासगाव ते महाड पाच मैल. कुणी गाडी दिली नाही तरी पायी जाता येईल, हा हिशेब. आणि प्रतिनिधी खरंच जयघोष करत चालत महाडला गेले.

दोस्तहो, ह्या हिशेबाकडं नीट बघा. सत्याग्रहाचा मार्ग आखताना आपल्या पुढाऱ्यांना वेळ किंवा खर्च आधी बघता आला नाही. कोण आपल्याला कुठं अडवू शकतो, हे आधी बघावं लागलं. नाव नावाड्याच्या हातात असते. मोटार मालकाच्या हातात असते. तळं गावाच्या हातात असतं. ज्याच्या हातात साधन, तो म्हणेल ‘खाली उतर’. राहतात फक्त स्वतःचे दोन पाय आणि सरकारी रस्ता. तो रस्ता तरी सगळीकडं मोकळा होता का? त्रावणकोरात वायकोमला १९२४ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यानं चालता यावं एवढ्यासाठी होता. चालण्याचा हक्क सुद्धा ह्या देशात भांडून मिळवावा लागला आहे.

ह्या सगळ्याच्या वेळेसच सावित्रीवर पूल होत होता.

दगडी कमानीचा पूल कसा उभा राहतो हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, कारण दगडाचं काम आपल्या आणि आपल्यासारख्या जातींनीच केलं आहे. आधी पात्रात पाया खणायचा, पाणी हटवायचं, खांब वर आणायचे. दोन खांबांच्या मध्ये लाकडाचा कमानदार साचा उभारायचा. त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही बाजूंनी चढवत न्यायचे. शेवटी मधला दगड ठोकून बसवायचा. मग साचा काढला तरी कमान पडत नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटा देतो, वरचं ओझं कडेकडेनं खांबात उतरतं आणि खांबातनं जमिनीत जातं. कमानीला लोखंड लागत नाही, लागतो तो दाब आणि खाली पक्का पाया.

हे काम साहेबाच्या नकाशावर झालं असेल, पण नकाशा दगड फोडत नाही. महाराष्ट्रात सुरुंग लावून खडक फोडणारे, पहार आणि घण चालवणारे, डोक्यावरनं पाट्या वाहणारे कोण, हे सांगायला नको. वडार, बेलदार, पाथरवट, आणि बिगारीवर गावोगावचे महार-मांग. सावित्रीच्या पुलावर नेमके कोणते हात लागले त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. इतिहासात फक्त साल उरतं आणि राज्यकर्त्याचं नाव उरतं. किल्ला राजाचा, देऊळ शेटजीचं, पूल इंग्रजाचा. मग बांधणारा कुठं गेला? हा प्रश्न आपण प्रत्येक बांधकामापुढं उभं राहून विचारला पाहिजे.

पूल १९२८ साली झाला. तळ्याचं काय झालं? १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरती मनाई मिळवली. बाबासाहेबांनी परिषदेत कायद्याचा विचार करून सत्याग्रह पुढं ढकलला. मनुस्मृती जाळली, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि कोर्टाची लढाई घेतली. ती लढाई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला संपली. तळ्यावर फक्त सवर्णांचा हक्क असल्याची अनादी काळापासनं रूढी आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून दावा फेटाळला. सव्वानऊ वर्षं! नदी बांधायला सरकारला जमलं. एका तळ्यावर एका ओंजळीचा हक्क द्यायला सव्वानऊ वर्षं लागली. नदीच्या पाण्याचा जोर मोजता येतो. त्यावर किती जाडीचा खांब लागेल हे पुस्तकात असतं. रूढीच्या जोरावर पूल बांधायचं पुस्तक तेव्हा लिहायचं होतं, आणि ते आपल्या माणसांनी महाडात लिहायला घेतलं.

इथंच हा इतिहास थांबवता आला असता. पण पूल पुढं अठ्ठ्याऐंशी वर्षं उभा राहिला आणि मग जे झालं ते आपल्या डोळ्यांदेखत झालं.

ह्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत मोटारी वाढल्या, एस.टी. आली, रस्ता मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग झाला. १९२८ मध्ये ज्या कमानींवरनं बैलगाड्या आणि थोड्या मोटारी जात होत्या, त्यांच्यावरनं माल लादलेले ट्रक जायला लागले. शेजारी दुसरा, नवा पूल झाला, तरी जुना बंद झाला नाही. मुंबईकडं जाणारी वाहनं त्याच जुन्या पुलावरनं जात राहिली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास सावित्रीला पूर असताना हा पूल कोसळला. अंधार, धो धो पाऊस. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली ह्या दोन एस.टी. गाड्या आणि एक तवेरा पाण्यात गेल्या. जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराच्या ध्यानात आलं की पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे एकदम नाहीसे होतायत. त्यानं धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या. अजून किती माणसं त्या रात्री गेली असती ह्याचा हिशेब लागत नाही. कुठला खातेप्रमुख नाही, कुठलं यंत्र नाही. एका मजुराच्या डोळ्यांनी माणसं वाचवली.

मग नौदल आलं, तटरक्षक दल आलं, आपत्ती दलाच्या बोटी आल्या. क्रेनला तीनशे किलोचा लोहचुंबक बांधून नदीत गाड्या शोधल्या. पात्रात मगरी, पाण्याला ओढ. पहिल्या एस.टी.चा सांगाडा सापडायला आठवड्यावर दिवस गेले. मृतदेह खाडीतनं वाहत पार समुद्राच्या काठापर्यंत, हरिहरेश्वर आणि आंजर्ल्यापर्यंत गेलेले सापडले. काही माणसं सापडलीच नाहीत. हरिहरेश्वर! ज्या पाण्यानं १९२७ च्या डिसेंबरात आपली माणसं हक्क मागायला वर आली, त्याच पाण्यानं ही माणसं खाली गेली.

पूल का पडला? दगडी कमानीचा शत्रू वरनं जाणारं ओझंच असतं असं नाही. खरा शत्रू खाली असतो. पुराचं पाणी खांबाला धडकून भोवऱ्यासारखं फिरतं आणि पायाखालची वाळू, माती खरवडून नेतं. दगडांच्या सांध्यांतला चुना झिजतो. सांध्यात वड-पिंपळ उगवतात, त्यांची मुळं दगड सारतात. आणि एकाला एक लागून कमानी असल्या की एक खांब खचल्यावर शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला कुणी उरत नाही, मग तीही जाते. हे सगळं इंजिनेरांना ठाऊक असतं. म्हणून तर पावसाळ्याआधी आणि नंतर पूल तपासायचे असतात. सरकारनं सांगितलं, मे महिन्यात तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता. मे महिन्यात योग्य, ऑगस्टात नाहीसा! पूर मोठा होता, कबूल. पण कोकणात पूर नवा नाही. महाडकरांना विचारा, दर पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी येतं. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर खाली आले. २०२१ च्या जुलैत तळिये गाडलं गेलं आणि महाड पाण्यात बुडालं. इथं पाऊस पाहुणा म्हणून येत नाही, तो घरचाच आहे. घरच्याची सोय आधी करायची असते.

पूल पडल्यावर निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी बसली. जुने पूल तपासायचे हुकूम सुटले. आणि नवा पूल? तो एकशे पासष्ट दिवसांत बांधला असं सरकारनं अभिमानानं सांगितलं. ५ जून २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. सुमारे २३९ मीटर लांब, सोळा मीटर रुंद. चांगलं झालं. पण अभिमानाच्या त्या आकड्याकडं जरा उलटं बघा. एकशे पासष्ट दिवसांत होणारं काम माणसं मेल्याशिवाय हातात का घेतलं नाही? पैसा होता, इंजिनेर होते, यंत्रं होती. मग कमी काय होतं? कमी होतं ते मागं लागणारं कुणी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. महाडचा १९२७ चा लढा पाण्याचा होता, पण त्याहून जास्त तो एका शब्दाचा होता: सार्वजनिक. चवदारचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नव्हतो, हे बाबासाहेबांनी तेव्हाच साफ सांगितलं होतं. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क स्थापन करायचा होता. जे सार्वजनिक आहे ते आमचंही आहे, हे आपण महाडात सिद्ध केलं. पण ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाला दुसरी बाजू आहे. जे सगळ्यांचं आहे त्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि सरकारला जाब विचारण्याची जबाबदारी सगळ्यांवर आहे. पहिली बाजू आपण रक्त सांडून घेतली. दुसरी बाजू आपण सोडून दिली.

आपल्यातले काही म्हणतील, पूल-रस्ते हे काय आपले प्रश्न? आपले प्रश्न अत्याचाराचे, राखीव जागांचे, जमिनीचे. बरोबर. पण एस.टी.त कोण बसतं? रात्रीच्या लाल गाडीनं राजापूरहून बोरिवलीला कोण निघतं? ज्याच्याकडं विमानाचे पैसे नाहीत तो. आणि एस.टी. म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळणार? ज्या मुलखात मोटारमालक बसू देतील का ह्या शंकेनं बाबासाहेबांना बोटीची वाट धरावी लागली, त्या मुलखात तिकीट काढलं की कुठल्याही सीटवर बसवणारी गाडी धावायला लागली. ती गाडी आपली आहे, ती ज्या पुलावरनं जाते तो पूल आपला आहे. आपल्या मालमत्तेला तडा गेला तर बोंब आपण मारायची नाही तर कुणी?

म्हणून हा इतिहास नुसता वाचायला सांगत नाही. पुढच्या वेळी महाडला जाल तेव्हा तळ्यावर नतमस्तक व्हा, क्रांतिस्तंभाला मानवंदना द्या, आणि मग पाच मिनिटं सावित्रीच्या पुलावर उभे राहा. आपापल्या तालुक्यात परत गेल्यावर आपला पूल शोधा. तो कधी बांधला, शेवटची तपासणी कधी झाली, अहवालात काय लिहिलंय, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयाच्या अर्जावर विचारा. उत्तर आलं नाही तर अपील करा. तपासणीच्या कागदाची नक्कल गावच्या बुद्धविहाराच्या भिंतीवर लावा. ज्यांनी तो पूल बांधताना दगड फोडले त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या आठवणी लिहून घ्या. दगडावर नावं कोरली नाहीत, कागदावर तरी येऊ द्या.

बोले ठरावाला कागदावरनं तळ्यापर्यंत यायला माणसांचे पाय लागले. तपासणीच्या अहवालाला कागदावरनं पुलाच्या पायापर्यंत न्यायलाही पायच लागतील. दासगाव ते महाड पाच मैल चालून गेलेल्यांची आपण नातवंडं-पतवंडं. आपल्याला तहसील कचेरी काही लांब नाही.

जय भीम.